झाडाला कोणाचाच विरोध नव्हता

...आणि हे ज्याने कोणी पहिल्यांदा सांगितलं ना, की आधी लोकांना विचारा आणि मग काम करा, त्या माणसाला आणून आमच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर ठेवला पाहिजे. हायवेकडच्या खोलीत. खिडक्या उघड्या ठेवून. वर्षभर. मग तो सकाळी उठेल, नाक शिंकरेल, रुमालात बघेल आणि स्वतःच म्हणेल, अरे विचारत काय बसलात, लावा आधी! पण तो माणूस सापडत नाही हो. तो कुठेतरी टेकडीवर राहतो. त्याच्या पुस्तकाच्या मागे त्याचा फोटो असतो आणि फोटोत त्याच्या मागे झाड असतं. त्याचं काय जातंय, विचारा म्हणायला!

मी त्याचं ऐकलं. मी समीक्षा, आर्किटेक्ट, कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झाले नाहीत, म्हणजे अजून राग येतो एवढेच झालेत. ठाण्यात माजिवडा ओलांडून नाशिकच्या दिशेने निघालात की हायवेला चिकटून सहा बिल्डिंगा दिसतात, ती आमची वसाहत. मूळ रंग कोणता ते विचारू नका, आता सगळ्यांचा एकच रंग आहे, ट्रकच्या धुराचा. सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या. तेव्हा म्हणे रस्ता लांब होता आणि मध्ये भातशेती होती. मग तो रस्ता यायला लागला, जसा काही पाहुणा येतो तसा... आधी ओटीवर टेकला, मग माजघरात आला, आता आमच्या खिडकीत पाय सोडून बसलाय आणि जायचं नाव काढत नाही.

आणि त्या खिडकीशी बसतात माझे बाबा. श्रीपाद त्यांचं नाव. कोलशेतच्या एका कंपनीत आयुष्य काढलं, निवृत्त झाले आणि छातीचं दुखणं घेऊन घरी बसले. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब राहा. बाबा म्हणाले, मी लांबच असतो, तीच जवळ येते. खिडकीला ते ओला टॉवेल लावतात. सकाळी पांढरा टॉवेल लावायचा, संध्याकाळी तो चहाच्या फडक्यासारखा दिसतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असेच आणखी एक-दोन हिवाळे गेले तर घरात ऑक्सिजनचं मशीन आणावं लागेल. त्यामुळे मला झाडं हवी होती. पर्यावरण वगैरे नंतर हो. मला माझ्या बापाच्या आणि ट्रकच्या मध्ये काहीतरी उभं करायचं होतं.

आणि योग कसा बघा! सरकारी खात्याने ठरवलं, या वसाहतीचं रूप पालटायचं. पाडायची नाही, सुधारायची. लिफ्ट लावायची, मागच्या शांत बाजूला गॅलऱ्या काढायच्या, आणि हायवे आणि बिल्डिंगांच्या मध्ये जी लांबलचक पट्टी पडून आहे, जिथे डेब्रिज आहे, मोडके टेम्पो आहेत, मंडळाच्या मंडपाचे बांबू आहेत, तिथे हिरवी जागा करायची. काम आलं आमच्याच ऑफिसात. सरांनी विचारलं, ही वसाहत कोणाला माहितीय? मी आयुष्यात इतक्या चपळाईने हात कधी वर केला नव्हता.

मी नकाशा काढला. हायवेकडून दाट झुडपं, मग उंच झाडांच्या तीन रांगा, मग आतल्या अंगाला बसायला कट्टे. झाडांच्या जागी मी नुसते हिरवे गोल काढले. आत नाव लिहिलं नाही. का? तर लोकांना विचारायचं! झाड त्यांच्या दारात येणार, नाव त्यांनी ठरवायचं. खात्याच्या साहेबांनी तो नकाशा पाहिला, छान म्हणाले, आणि मग म्हणाले, "म्याडम, रहिवाशांचा ठराव आणा. एकमताने. एकमत म्हणजे एकमत. एक माणूस जरी नको म्हणाला ना, तर उद्या तो कोर्टात जातो आणि परवा मी गडचिरोलीला."

मी म्हटलं, झाडाला कोण नको म्हणणार?

आणि खरं सांगते, कोणीच म्हटलं नाही. झाडाला कोणाचाच विरोध नव्हता. समाजमंदिरात सभा भरली, गोपीनाथकाका म्हणजे आमचे सेक्रेटरी, त्यांनी माईक हातात घेतला. समोर चाळीस माणसं, माईकची गरज नव्हती, पण माईक असल्याशिवाय काकांना विचार सुचत नाहीत. म्हणाले, "झाड म्हणजे जीवन." टाळ्या. म्हणाले, "आपली समीक्षा, आपल्यासमोर चड्डीत फिरायची, आज आपल्याला झाड देतेय." पुन्हा टाळ्या. चड्डीची काय गरज होती? पण मी म्हटलं असू दे, झाडं लागतायत ना.

मग मी उभी राहिले आणि साधा प्रश्न विचारला, कोणती लावू या? चिंच चालेल? मोठी होते, दाट होते, धूळ चांगली धरते.

सभा अशी गप्प झाली की हायवे ऐकू यायला लागला. म्हणजे तो नेहमीच ऐकू येतो, पण तेव्हा जरा जास्तच आला. धाकूबाबा, दोन नंबर बिल्डिंग, मूळचे लांज्याच्या बाजूचे, ते सावकाश उठले. "अगो, चिंच नको. तिन्हीसांजेला चिंचेखालून कोन जाईल?" मी म्हटलं, बाबा, शेजारून रात्रंदिवस कंटेनर जातात, कोणतं भूत टिकेल तिथे? तर मागून रोझा आंटी बोलली. चार नंबर, माहेर उत्तनचं. म्हणाली, आमच्या घरामागे चिंच होती, भूत पण होतं, पण कोणाला त्रास नाही दिला त्याने, डॅडी त्याला नावाने हाक मारायचे. झालं! मी ज्या भुताला हायवेवरून हाकलत होते ते आंटीने आणून खुर्चीत बसवलं, नाव-गावासकट. चिंच गेली.

पिंपळ? पिंपळावर मुंजा. वड? मला वाटलं वडाला तरी बायका हो म्हणतील, वटपौर्णिमेला सगळ्या नटूनथटून स्टेशनजवळच्या वडापर्यंत जातात. तर विनितावहिनी म्हणाल्या, वडाची मुळं भिंतीत शिरतात, आणि फांदी मिळते की बाजारात, अख्खं झाड कशाला? उंबर? उंबराखाली दत्ताचा वास, तिथे चपला घालून चालायचं कसं? सप्तपर्णी? अहो सप्तपर्णी म्हणताक्षणी वहिनींनी कपाळाला हात लावला आणि तो सभा संपेपर्यंत काढला नाही. दिवाळीच्या आसपास तिला फुलं येतात, त्या वासाने त्यांचं अर्धं डोकं उठतं. मी म्हटलं, वहिनी, डिझेलच्या वासाने नाही उठत? म्हणाल्या, "त्याची सवय आहे गं."

गुलमोहर पावसात पडतो. शेवगा दारात लावला की घरात भांडणं. नारळाचं मला वाटलं कोकणातली निम्मी सभा आहे, नारळ तरी पास होईल, तर रोझा आंटीनेच पाडला. म्हणाली, "बाय, नारल वरून पडतो तवा बघत नाय, खाली कॅथलिक हाय का हिंदू." बांबू म्हटलं तर धाकूबाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच घाबरले. बांबू माणसाला एकदाच लागतो, म्हणाले, तो दारात उगवून ठेवायचा नसतो.

आणि या सगळ्यात, तुम्हाला सांगते, प्रत्येक जण बोलायला उठताना आधी हेच म्हणायचा, की झाडाला माझा विरोध नाही! झाडाला कोणाचाच विरोध नव्हता. फक्त हे नको, एवढंच.

मग मी शेवटचा बाण काढला. आंबा.

सभा उजळली. खरोखर उजळली, माणसं खुर्चीत पुढे सरकली. आंब्याला नाही म्हणणारा माणूस कोकणात अजून जन्मायचा आहे आणि देशावरचा जन्मला तरी तो बोलणार नाही. मला वाटलं जिंकलो. बाबा पहिल्या रांगेत बसलेले, त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आणि तेवढ्यात कोणीतरी विचारलं, आंबे कोणाचे?

मी म्हटलं, सगळ्यांचे.

असं उत्तर कोणी देतं का? सगळ्यांचे! शाळेत पाठ्यपुस्तकात ठीक आहे. दोन नंबरवाल्यांचं म्हणणं, मूळ ज्याच्या समोर, आंबा त्याचा. चार नंबरवाले म्हणाले, मूळ कुठेही असू दे, फांदी आमच्या खिडकीत आली तर फांदीवरचं आमचं. मग खाली पडलेले कोणाचे? आणि पाडाला लागलेले? लोणच्याच्या वेळी जे कच्चे काढतील त्यांना पुढे पिकलेल्यात वाटा का म्हणून? एक नंबरवाल्यांच्या समोर मी नकाशात झुडपं दाखवली होती, ते म्हणाले आम्ही काय फक्त धूळ खायची? तासभर चाललं हो. जे झाड लागलेलं नाही, त्याला न आलेल्या मोहराला न धरलेल्या आंब्यांवरून दोन नंबर आणि चार नंबरने एकमेकांच्या हळदीकुंकवाला न जायचं ठरवलं. हापूस की रायवळ हे तर अजून निघायचंच होतं! गोपीनाथकाकांनी माईकवर हात आपटला. शांतता राखण्यासाठी आंबा मागे घेण्यात येत आहे, म्हणाले. जसं काही आंब्याने अर्ज भरला होता.

मी घरी येऊन रडले. बाबा टॉवेल पिळत होते. म्हणाले, "बकुळ बघ की. बकुळीचं वाईट मी कधी ऐकलेलं नाही."

बकुळ! मी रात्रभर डोकं खाजवलं, बकुळीत दोष शोधला. भूत बसत नाही, फांदी मोडत नाही, वास मंद, पानं दाट, सदाहरित, धुळीला खंबीर, फळ असं की त्यावरून कोणी भांडणार नाही. पुढच्या सभेत मी नाव घेतलं आणि वाट बघत बसले. धाकूबाबा विचार करत राहिले. विनितावहिनींचा हात कपाळापर्यंत गेला आणि परत आला. रोझा आंटी म्हणाली, चर्चच्या मागे होती एक, छान होती. गोपीनाथकाका म्हणाले, मग बकुळ... सर्वांना मान्य?

मान्य! सगळ्यांना! एकमताने! दोन नंबर आणि चार नंबरने एकाच वेळी हात वर केले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, टेकडीवरचा तो माणूस बरोबर होता, मी त्याला उगाच शिव्या घातल्या.

तेवढ्यात काकांनी सहज विचारलं, हिची सावली यायला किती वर्षं लागतात गं?

मी खरं बोलले. कॉलेजात हेच शिकवतात आपल्याला, खरं बोला. मी म्हटलं, जरा हळू वाढते काका, चांगली दाट व्हायला पंधराएक वर्षं तरी.

काकांनी माईक खाली ठेवला. हे मी त्यांना पहिल्यांदाच करताना बघत होते. म्हणाले, "मग तोपर्यंत त्या जागेचं काय करायचं?"

तोपर्यंत! हा शब्द मी तुम्हाला सांगते, बुलडोझरपेक्षा वाईट आहे. बुलडोझर दिसतो तरी. मी म्हटलं, काका, तोपर्यंत झाडं वाढतायत. काका म्हणाले, हो, वाढू दे की, वाढायला कोण नाही म्हणतंय, पण एवढी जागा पंधरा वर्षं नुसती वाट बघत ठेवायची? गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, टो करून नेतात. तोपर्यंत गाड्या लावू. झाडं मोठी झाली की गाड्या काढू. मी म्हटलं, अहो गाड्या लावल्या तर झाडं लावणार कुठे? तर त्याचंही उत्तर तयार! कुंडीत. रंगाचे डबे पडलेत गच्चीवर, त्यात लावू, मोठी झाली की खाली उतरवू. सभेने माना डोलावल्या. काय सुंदर तोडगा! बकुळ पण आणि पार्किंग पण.

मी चिडले. मी म्हटलं, इथे प्रत्येक घरात कोणीतरी खोकतंय, तुम्हाला गाड्या सुचतायत? माझ्या बाबांकडे बघा, त्यांना श्वास घेता येत नाही!

हे मी बोलायला नको होतं. कारण काकांचा चेहरा एकदम बदलला, इतका प्रेमळ झाला की मला कळलं आता संपलं. ते बाबांशेजारी येऊन बसले. दोघं एकाच पाळीत कामाला होते, एका डब्यातून जेवलेले. माईकशिवाय म्हणाले, "अगं, मी दुसऱ्या कोणाचा विचार करतोय? मागल्या वर्षी आपल्या शिंदेला न्यायला ॲम्ब्युलन्स आली, ती हायवेवर उभी. चादरीत घालून नेला त्याला गेटपर्यंत. उद्या देव न करो, श्रीपादला न्यायची वेळ आली तर गाडी झाडात लावू?"

आता हिशोब बघा. धुळीमुळे बाबा आजारी, आजारी म्हणून ॲम्ब्युलन्स, ॲम्ब्युलन्ससाठी मोकळी जागा, मोकळ्या जागेत झाड नाही, झाड नाही म्हणून धूळ... मी फळ्यावर हे गोल काढून दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, या गोलात गाडी बसेल का?

मतं घेतली. सगळे हात वर. फक्त बाबांचा खाली. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. एक माणूस नको म्हणाला की एकमत मोडतं, साहेबांनी सांगितलं होतं. एकच माणूस हवा होता आणि तो माझा बाप होता. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. धाकूबाबा वळून बघायला लागले. रोझा आंटी मायेने हसली. आणि बाबांनी हात वर केला. पूर्ण पण नाही, खांद्यापर्यंत. तेवढाच येतो आता.

घरी आल्यावर मी भांडले. ते म्हणाले, "सगळे माझ्यासाठी करतायत गं. त्यांना तोंडावर नाही कसं म्हणू?"

ठरावात सगळ्यात वरती काय लिहिलंय माहितीये? 'बकुळीची झाडे लावण्यास सर्वानुमते मंजुरी.' झाडाला कोणाचाच विरोध नव्हता! तोपर्यंतचं सगळं त्याच्या खाली. साहेब तर खूश. मी म्हटलं, सर, सरकारी कागदात तिथे हिरवी जागा आहे, तिचं काय? म्हणाले, काळजी करू नका म्याडम, पेव्हर ब्लॉक हिरवे टाकतो. उपग्रहावरून बघितलं तरी हिरवंच दिसतं.

टाकले. हिरवेगार. हायवेपासून बिल्डिंगीपर्यंत, एका मापाचे, मध्ये गवताचं पातं उगवेल एवढी पण फट नाही. उन्हाळ्यात त्यावरून अशी वाफ येते की वरच्या मजल्यावरचे म्हणतात, झाडं असती तर बरं झालं असतं. लिफ्ट लागली, गॅलऱ्या झाल्या, फीत कापली, माझा सत्कार झाला. सत्कारात मला काय दिलं असेल? रोप. तुळशीचं. प्लास्टिकच्या कुंडीत.

बकुळी गच्चीवर रंगाच्या डब्यांत आहेत. एक बाबांनी मागून घेतली, खिडकीत ठेवलीय. तिच्या पानांवर धूळ बसते. मग बाबा तो ओला टॉवेल खिडकीवरून काढतात आणि तिची पानं पुसतात. म्हणजे जे झाड बाबांना धुळीपासून वाचवणार होतं, त्याला आता बाबा वाचवतात. मी विचारलं, तुम्हाला त्रास नाही होत? म्हणाले, तिला जास्त होतो.

आणि मग या जानेवारीत, भरदुपारी, हायवेवर धुकं नव्हतं तर नुसताच धूर लोंबत होता, बाबांना श्वास लागला. म्हणजे नेहमीसारखा नाही. ओठ निळे. मी फोन केला. आणि तुम्हाला सांगते, ॲम्ब्युलन्स आली, आणि हायवेवर उभी नाही राहिली. सरळ गेटातून आत आली, हिरव्या पेव्हरवरून वळली आणि जिन्याच्या तोंडाशी मागचं दार करून उभी राहिली. कुठे अडली नाही. माझ्या नकाशात जिथे मधल्या रांगेतला पहिला गोल होता, बरोब्बर तिथे. लिफ्टमधून खुर्चीवर खाली आणलं बाबांना. गोपीनाथकाका अनवाणी धावत आलेले, एका हाताने बाबांचा हात धरलेला, दुसऱ्याने डोळे पुसत होते, आणि रडता रडता मला म्हणाले, "बघ. आली की नाही कामाला?"

आली कामाला. खरंच आली. त्या माणसावर मी रागावू शकत नाही हो, हीच तर माझी सगळी पंचाईत आहे. इथे एक जरी दुष्ट माणूस असता ना, तर मी लढले असते.

बाबा आता घरी आहेत. म्हणजे ते आणि मशीन, दोघं आहेत. खिडकीशीच बसतात, नळी तिथपर्यंत पुरते.

पण त्या दुपारचं सांगते. बाबांना आत घेतलं, मास्क लावला, दार बंद करायच्या आधी ड्रायव्हर जरा थांबला. चांगला वयस्कर माणूस, टिटवाळ्याहून येऊन-जाऊन ड्युटी करणारा. त्याने कमरेवर हात ठेवून इकडून तिकडे नजर फिरवली, सहा बिल्डिंगा बघितल्या, ते हिरवे ब्लॉक बघितले, ओळीत लावलेल्या गाड्या बघितल्या, आणि मला म्हणाला, "ताई, इथे एखादी रूम मिळेल का भाड्याने? आमच्याकडे नुसती बिल्डिंगीला बिल्डिंग. इथे कसं, मोकळं वाटतं."